संदर्भसूचीतील सहावे नाव

वाशी, रविवार, दि. ६ जानेवारी १९८५

सौ. नंदिनी दिनानाथ टिपणीस,

मायन्यापाशीच अडलो. तू बाळंतपणासाठी पेणला होतीस तेव्हा आणि मी नागपूरला प्रशिक्षणास गेलो होतो तेव्हा तुला जी पत्रे लिहिली, त्या सर्वांवर मी ‘चि. सौ.’ असे लिहीत असे. आता ‘चि.’ लिहिणे चूक ठरेल. ‘कै.’ लिहिण्यास हात होत नाही. शिवाय ज्या व्यक्तीस ‘कै.’ म्हणावे तिलाच पत्र धाडणे विसंगत आहे. म्हणून केवळ पूर्ण नाव लिहिले. पूर्ण नाव लिहिले की गैरसमजास जागा राहत नाही.

लिहिण्यास कारण की, कार्यालयात एखाद्या बाबीचा उलगडा होईनासा झाला तर मी ती कागदावर मांडतो. बहुधा तिसऱ्या परिच्छेदापर्यंत मार्ग दिसतो. घरातील बाब मांडण्याची वेळ यापूर्वी आली नव्हती, कारण त्या तू पाहत होतीस.

चि. सरोजिनीच्या नववीच्या वर्गाला इतिहासाचा प्रकल्प दिला आहे, हे तुला ठाऊक आहेच: ‘शहर येण्यापूर्वीचा आपला परिसर’. जूनमध्ये तुम्ही दोघींनी मिळून आरंभ केलात. अकरा सप्टेंबरनंतर वही कपाटात राहिली. नाताळच्या सुटीत तिने ती पुन्हा काढली आणि एकटीने चाळीस पाने लिहून पूर्ण केली. मी वाचली. शुद्धलेखनाच्या चुका अल्प आहेत. सोमवार, दि. २८ रोजी द्यावयाचा आहे.

अडचण शेवटच्या पानाची आहे. शाळेने संदर्भसूची कशी तयार करावी याचे नऊ नियम चक्रमुद्रित करून दिले आहेत. आधी आडनाव, स्वल्पविराम, मग नाव. पुस्तकाचे नाव अधोरेखित. प्रकाशक, स्थळ, आवृत्ती, वर्ष. सर्व नोंदी अकारविल्हे. तोंडी माहिती देणाऱ्यांची नावे निराळी, वय, व्यवसाय, गाव व तारखेसह. नववा नियम असा की, प्रत्येक संदर्भ पालकांनी स्वतः पडताळावा व खाली सही करावी. सहीविना प्रकल्प स्वीकारला जाणार नाही.

हे काम तासाभराचे आहे असे मी समजलो होतो. पुस्तके चार, ती तासाच्या आत झालीही. एकावर सनच नव्हता. प्रस्तावनेच्या अखेरीस शके १८७१ चा गुढीपाडवा सापडला. त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवून मी १९४९ लिहिले. सरोजिनी म्हणाली, “बाबा, हे तुम्हाला आवडतंय.” मी नाकारले नाही.

मग तोंडी माहितीचे पान उघडले. भिमाबाई, रखमा, बयाबाई, गोजरा, गंगाराम, काशी. सर्व राहणार पावणे. गंगाराम वगळता एकालाही आडनाव नाही.

“आडनावे कुठे आहेत?” मी विचारले.

“आई म्हणाली, आडनाव विचारलं की बायका गप्प होतात. सासरचं सांगू की माहेरचं, असं उलट विचारतात.”

“नियमात तसा प्रश्नच येत नाही.”

“नियम त्यांना विचारून केलेला नाही ना, बाबा.”

ही तुझ्या बोलण्याची पद्धत आहे. पाच नावांपूर्वी आडनावाच्या जागी आडव्या रेघा मारल्या, आणि आता त्या रेघांकडे पाहत बसलो आहे.

आणखी एक. दर गुरुवारी तू पावण्याला जात असस, ते भाजीसाठी, अशी माझी समजूत होती. कारण तू येताना भाजी आणीत असस. वही पाहिल्यावर समजले की भाजी ही परतीच्या वाटेवरची गोष्ट होती.

तिसरा परिच्छेद केव्हाच उलटून गेला. मार्ग दिसलेला नाही.

तुझा,
दिनानाथ


वाशी, गुरुवार, दि. १० जानेवारी १९८५

सौ. नंदिनी,

पडताळणी करावयाची तर मजकूर वाचला पाहिजे, म्हणून चार दिवस कार्यालयातून आल्यावर तुझी मुलाखतींची वही वाचीत आहे. तू त्या बायकांचे बोलणे जसेच्या तसे उतरविले आहेस. आरंभी मला ते योग्य वाटले नाही. पेन्सिलने शुद्ध रूपे लिहू लागलो, आणि तिसऱ्या पानावर थांबलो. जमिनी ताब्यात घेतल्या त्याविषयी गोजरा यांचे हे वाक्य पाहा: “पयला खांब आमचे शेतान ठोकला. आमाला वाटला देव बसवतान, आमी नारल फोरला.” हे शुद्ध केले असता त्यातला नारळ शिल्लक राहतो, गोजरा राहत नाहीत. मी पेन्सिलीच्या खुणा खोडून टाकल्या.

पहिली पाच निवेदने तुझ्या अक्षरात आहेत. सहावे वहीत नाही. ते सुट्या चार कागदांवर आहे, आणि अक्षर सरोजिनीचे आहे. वर लिहिले आहे: ‘काशी. वय ४०. पावणे, मिठाची चौकी.’ तारीख नाही. व्यवसाय नाही. मजकूर मात्र सर्वांत सरस आहे, आणि माझा संशय त्यामुळेच बळावला. थोडा उतरवून देतो.

“चौकीला चार पायऱ्या होत्या. उधाणाची भरती आली की खालच्या पायरीला पाणी लागे. मिठाच्या राशी गवताने शाकारलेल्या असत, पण जिथे राशीला तोंड पाडलेले असे तिथे मीठ उघडे दिसे. त्याच्यावर मी बोटाने पाढे लिहीत असे. मला वाटे, पाऊस आला की हे पाढे खाडीत उतरतील आणि मासे शिकतील. एकोणतीसचा पाढा मी मुद्दाम चुकीचा लिहून ठेवला होता, माशांना फसवायला.”

मिठागरावर राबणाऱ्या घरची मुलगी १९५० च्या सुमारास एकोणतीसचा पाढा लिहिते, आणि आज अशी प्रमाण मराठी बोलते, हे मला पटले नाही. वाक्यांची ठेवण आपल्या घरातली आहे. मी सरोजिनीला समोर बसविले.

“हे तू रचलेले आहेस काय?”

“नाही.”

“बाकीची पाच आईच्या अक्षरात आहेत. हे तुझ्या का?”

“आई लिहीत नव्हती तेव्हा. मी लिहून घेतलं.”

“ही काशी कोण?”

ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मला वाटले, ती खोटे बोलण्याची तयारी करीत आहे. मग म्हणाली, “तुम्ही सांगा.”

मी तिला उद्धट म्हणालो. तुझ्यामागे मी तिला प्रथमच रागावलो असेन. ती कागद गोळा करून आत गेली.

मला न समजलेली गोष्ट अशी: खोटे पकडले गेलेले मूल खाली पाहते. तिने खाली पाहिले नाही.

दिनानाथ


वाशी, रविवार, दि. १३ जानेवारी १९८५

सौ. नंदिनी,

आज पावण्याला जाऊन आलो. एकटाच गेलो, सरोजिनीने येण्यास नकार दिला. बस तुर्भ्यापर्यंत मिळाली, पुढे कारखान्यांच्या भिंतींमधून चालत गेलो. गाव शोधावे लागते. दोन कारखान्यांच्या मध्ये देऊळ, विहीर व साठ-सत्तर घरे आहेत. नाक्यावर पोपट नावाच्या गृहस्थांची चहाची टपरी आहे. मी सूची काढून वाचू लागलो, तेव्हा त्यांनी प्रथम विचारले, “जमिनीचा कागद हाय का?” मी म्हणालो, शाळेचा आहे. मग ते टपरी सोडून स्वतः बरोबर आले.

रखमा, बयाबाई, गोजरा व गंगाराम भेटले. वय व व्यवसाय पडताळला. बयाबाईंचे वय तू बासष्ट लिहिले आहेस. त्यांनी सत्तर सांगितले. गोजरा म्हणाल्या, “सत्तर? मंग मी कवा जन्मली, तुजे लग्नान?” त्यावर दोघींचे जुंपले. मी बासष्टच ठेवले. भिमाबाई लेकीकडे उरणला गेल्या होत्या. त्यांच्या सुनेकडून खात्री करून घेतली.

आता एक कबुली. रखमा यांनी विचारले, “बाई कुटं हायत? चार महिने झालं, तोंड नाय दावला.” सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. मी म्हणालो, “तिला येता येत नाही.” हे वाक्य खोटे नाही. रखमा यांनी आत जाऊन चिंचेचा एक गोळा कागदात बांधून दिला, तुझ्यासाठी. तो मी आणला. स्वयंपाकघरात फळीवर ठेवला आहे. सरोजिनीने अद्याप विचारलेले नाही.

काशी मात्र सापडली नाही. मी चौघांनाही विचारले. त्यांनी एकमेकांकडे पाहून माना हलविल्या. पोपट म्हणाले, “काशीला जायाचा तर गारी पकरा, साहेब. आमचे गावान नाय.” चौकीजवळ कोणी राहते काय, असे विचारले, तिथे आता कंपनीचे सामान असते, माणसे नव्हेत, असे समजले.

घरी येऊन मी सहाव्या नावावर लाल शाईने रेघ मारली व समासात लिहिले: ‘सदर व्यक्ती आढळून आली नाही.’ सरोजिनी जवळ उभी होती.

“काढू म्हणता?”

“होय.”

“नक्की काढू, बाबा?”

“जी व्यक्ती नाही तिच्या नावापुढे मी सही करू शकत नाही.”

“पुन्हा एकदा बघा ना नाव. मग काढते.”

मी पाहिले. तीन अक्षरेही नाहीत. त्यात पुन्हा पाहण्यासारखे काय असावयाचे? मी म्हणालो, काढ.

तिने सूची घेतली, घडी घातली, आणि माझ्यापुढे ठेवली. “मग मी प्रकल्पच देत नाही.”

उद्या संक्रांत. यंदा आपल्याकडे नाही.

दिनानाथ


वाशी, बुधवार, दि. १६ जानेवारी १९८५

सौ. नंदिनी,

तीन दिवसांत ती माझ्याशी आवश्यक तेवढेच बोलली आहे. आवश्यक म्हणजे दूध, इस्त्रीचे कपडे व दाराची कडी. आज सकाळी एक वाक्य अधिक बोलली: “वार्षिक परीक्षा झाली की मला पेणला मामाकडे राहायचंय. दहावी तिकडे करीन. मामाला पत्र टाकलंय.”

मी कारण विचारले. म्हणाली, “तिकडे आईला सगळे ओळखतात.”

याचा अर्थ काय? येथे इमारतीतील प्रत्येक घर तुला ओळखत होते. तू गेलीस तेव्हा जिन्यात उभे राहण्यास जागा नव्हती. मी तसे म्हणालो. ती म्हणाली, “त्यांना टिपणीस वहिनी माहीत होत्या.”

एका संदर्भासाठी मूल घर सोडू इच्छिते. मी नियम पुन्हा काढून वाचले. नवव्या नियमात ‘स्वतः पडताळावा’ असे शब्द आहेत. मी स्वतः गेलो, स्वतः विचारले. माझी चूक कोठे आहे, ते मला दाखवून देणारे या घरात कोणी राहिलेले नाही. तू असतीस तर चष्मा कपाळावर सरकवून, “अहो, जरा इकडे द्या” एवढेच म्हणाली असतीस.

ती पेणला गेली तर या तीन खोल्यांत मी काय पडताळणार आहे?

दि.


वाशी, रविवार, दि. २० जानेवारी १९८५

सौ. नंदिनी,

आज जे घडले ते क्रमाने लिहितो. क्रम सुटला तर मला लिहिता येणार नाही.

सकाळी दहाच्या सुमारास दार वाजले. मी उघडले. सत्तरीच्या एक बाई, हिरवे लुगडे, हातात सुकटीची पिशवी. जिने चढून धाप लागलेली. म्हणाल्या, “काशी हाय का घरान?”

मी म्हणालो, “या घरात काशी नावाचे कोणी नाही.”

मी हेच शब्द उच्चारले. ते मला बदलता येत नाहीत म्हणून येथे लिहून ठेवीत आहे.

सरोजिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. बाई माझ्या खांद्यावरून आत पाहत होत्या. समोरच्या भिंतीवर तुझी तसबीर आहे, चंदनाचा हार घातलेली. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि उंबरठ्यावरच बसल्या. मग त्या तसबिरीकडे पाहून, मोठ्याने नव्हे, शेजारच्या माणसाशी बोलावे तसे म्हणाल्या, “काशे, मना कुनी बोल्ला पन नाय गं.”

त्या भिमाबाई. सरोजिनीने त्यांना धरून आत आणले. मला खुर्ची सरकविण्याचेही सुचले नाही.

मी विचारले, “तुम्ही हिला काशी का म्हणता?”

“मंग काय म्हनू? एवरी व्हती,” त्यांनी जमिनीपासून हात दाखविला, “मिठाचे चौकीवर तिचा बापूस कारकून. आई आजारी ऱ्हायची. मी झारलोट कराला जायची नी हिला न्हाऊ घालायची. तीन वरसां. मंग बदली झाली. आनि आता वरसापयली दारान उबी. मी वलखली नाय. ती बोल्ली, भिमाबाय, मी काशी, एकोनतीसचा पाढा चुकीचा लिवनारी. मंग वलखली.”

“बाकीच्यांना हे नाव ठाऊक नाही.”

“त्या सुना हायत गावच्या. मागून आयल्या. त्याना ती बाई.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “तुमी तिचे मालक ना? तुमाला ठाव नाय?”

उत्तर सरोजिनीने दिले, आणि ते माझ्या बाजूने दिले. म्हणाली, “बाबांनी नाव बदललं ना लग्नात. त्यांच्या लक्षात नाही राहिलं.”

भिमाबाई म्हणाल्या, “माजा बी बदलला व्हता. सासू भिमा बोलवाची. पयला नाव आता मना बी आठवाला लागतो.”

“काय होतं?” सरोजिनीने विचारले.

त्यांनी थोडा विचार केला. “मंजी,” असे म्हणाल्या, आणि जरा लाजल्या.

त्या चहा घेऊन गेल्या. सुकट ठेवून गेल्या. फळीवरची चिंच त्यांना दिसली, “रखमाची ना?” असे म्हणाल्या. मी त्यांना खालपर्यंत सोडण्यास गेलो. चार महिन्यांपूर्वी त्यांना कळविण्याचे माझे काम होते, हे मी जिन्यात म्हणालो. त्या म्हणाल्या, “तुमाला आमी कुटं ठाव व्हतू?”

दिनानाथ


वाशी, बुधवार, दि. २३ जानेवारी १९८५

सौ. नंदिनी,

काय काय मला ठाऊक होते ते मी तपासून पाहिले. तुझे वडील मीठ खात्यात होते, हे ठाऊक होते. कोठे कोठे होते, हे मी विचारले नव्हते. लग्नपत्रिकेवर ‘चि. सौ. कां. काशी’ असे छापलेले होते. ती पत्रिका काल ट्रंकेतून काढून वाचली. म्हणजे ते नाव मी एकदा तरी वाचले असणार. मग ताटात तांदूळ पसरून, सोन्याच्या अंगठीने मी ‘नंदिनी’ लिहिले. नाव मी निवडले होते. दिनानाथ या नावाशेजारी ते शोभते, असे मला वाटले होते. तुला काय वाटले, हे विचारण्याची पद्धत नव्हती. पद्धत नव्हती हे खरे आहे. परंतु नंतरची एकोणीस वर्षे मला कोणी मनाई केली नव्हती.

आणखी एक आठवले, आणि ते आठवल्यापासून माझे कशात लक्ष लागत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात मी हाक मारली की तू ओ देत नसस. दोनदा, तीनदा हाक मारावी लागे. मी आईला म्हणालो होतो की मुलीला कमी ऐकू येते की काय, दाखवून घ्यावे. आई तुला घेऊन डॉक्टरांकडे गेलीही होती. तू गेलीस. डॉक्टरांनी कान तपासले व उत्तम आहेत असे सांगितले. तू काही बोलली नाहीस.

काल सरोजिनीला विचारले, “मला आधीच का सांगितले नाहीस?”

“मी तीनदा विचारलं, बाबा.”

“तू विचारलेस. सांगितले नाहीस.”

ती वही चाळत राहिली. मग म्हणाली, “आईनं सांगितलं होतं, नुसतं काशी लिही. म्हणाली, बाबा तपासल्याशिवाय सही करायचे नाहीत. ते विचारतील काशी कोण, मग मी सांगीन. आडनाव मुद्दाम नाही घातलं तिनं.”

तुला विचारले जावे अशी तुझी इच्छा होती. त्यासाठी तू नवव्या नियमाची योजना केलीस. मी विचारले, परंतु चार महिने उशिरा, आणि भलत्यांना.

प्रश्न अद्याप सुटलेला नाही. नोंद कोणत्या नावाने करावी? ‘टिपणीस, नंदिनी’ म्हणावे तर निवेदनातील मुलगी टिपणीस नव्हती, नंदिनीही नव्हती. ‘काशी’ म्हणावे तर ती व्यक्ती कायद्याने १९६५ पासून अस्तित्वात नाही. मृत व्यक्तीची मुलाखत मान्य आहे काय, याविषयी नियम मौन आहेत. मी इतिहासाच्या मढवी बाईंना सविस्तर पत्र लिहून मार्गदर्शन मागविले. पत्र दोन पानी झाले. बाई पावण्याशेजारच्याच गावच्या आहेत, हे मला मागाहून समजले. माझ्याच पत्राच्या मागील बाजूस त्यांनी उत्तर पाठविले आहे:

“ज्या नावाने बाईंनी सांगितले, त्या नावाने लिहावे. आडनावाची रेघ नको. पहिला नियम मी पुढच्या वर्षी बदलते आहे.”

मी ते सरोजिनीला वाचून दाखविले. लाल रेघ पुसता येत नाही, म्हणून मी नवा कागद आखून दिला व सही करण्यास पेन उघडले.

ती म्हणाली, “थांबा. बाकीच्यांचं तुम्ही जाऊन तपासलंत. आईचं नाही तपासायचं?”

दिनानाथ


वाशी, रविवार, दि. २७ जानेवारी १९८५

सौ. नंदिनी,

तुला दुसऱ्या नावाने लिहावे काय, यावर मी तीन दिवस विचार केला. ते नाव भिमाबाईंच्या तोंडी शोभते. मी ते कधी मिळविले नाही. म्हणून जे मी दिले त्याच नावाने लिहीत आहे. क्षमा असावी.

आज आम्ही दोघे पावण्याला गेलो. चौकी उभी आहे. दगडी, एकखणी, वर पत्रे. एका कारखान्याने तिच्यात रिकामी पिंपे ठेवली आहेत. किल्ल्या त्यांचे पहारेकरी किसन यांच्याकडे असतात. मी कार्यालयाच्या कागदावर रीतसर अर्ज नेला होता. किसन यांनी तो उलटसुलट करून पाहिला व विचारले, “आत हाय काय, साहेब? पिंपां हायत.” सरोजिनी म्हणाली, “शाळेसाठी बघायचंय.” त्यांनी दोन किल्ल्यांचा जुडगा दिला व ते बाकावर जाऊन बसले.

ठरले असे की, सरोजिनीने निवेदन मोठ्याने वाचावे आणि मी एकेक बाब पाहून होय किंवा नाही म्हणावे.

ओटा, पूर्वेकडे तोंड. होय.

आत शिरताना डावीकडे कोनाडा, त्यात आईचे औषध. कोनाडा आहे. होय.

खिडकीतून खाडी दिसते. मी पिंपांमधून वाट काढून खिडकी उघडली. चार हातांवर कारखान्याची भिंत आहे. खाडी दिसत नाही. मी थांबलो. सरोजिनीही थांबली. भिंतीच्या वरून वारा येत होता आणि त्याला खाडीचा वास होता. मी होय म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिले. नुसत्या वासावर मी कधी काही मान्य केल्याचे तिला आठवत नसावे.

“चौकीला चार पायऱ्या होत्या,” तिने वाचले.

मी बाहेर येऊन मोजल्या. तीन आहेत. पुन्हा मोजल्या. तीनच. मी काय म्हणावे ते मला कळेना. लहान मुलीच्या स्मरणात एखादी पायरी अधिक होणे स्वाभाविक आहे, आणि तसे एका कंसात नमूद करून सही करता आली असती. मी तसे बोललोही.

“आईनं चार सांगितल्यात,” सरोजिनी म्हणाली.

“तुला समोर तीन दिसत आहेत.”

“आईनं ह्याच ओट्यावर बसून सांगितलं, बाबा. तिलाही तीनच दिसत होत्या. तरी चार म्हणाली.”

अंगणात कारखान्याच्या भरावाची माती आहे. मी किसन यांच्याकडून एक लोखंडी पट्टी मागून घेतली, बाह्या दुमडल्या आणि शेवटच्या पायरीच्या पायथ्याशी बसून माती उकरू लागलो. मी जमिनीवर बसलेलो सरोजिनीने यापूर्वी फक्त एकदा पाहिले आहे, सप्टेंबरात. वीतभर खाली पट्टी दगडावर वाजली. तिने हातांनी माती बाजूला केली. कडेला गोलाई असलेला दगड, वरच्या तिन्ही पायऱ्यांसारखाच, आणि त्याच्या सांध्यांत पांढरे खार.

मी म्हणालो, “चार. होय.”

मग ओट्यावर बसून तिने नवी नोंद लिहिली. मी सांगितले नाही. तिने लिहिले ते मी वाचले: ‘काशी. वय ४०. मिठाच्या चौकीवर वाढलेली. पावणे. जुलै १९८४, तारीख नोंदवली नाही. माहिती देणारी व्यक्ती आता हयात नाही.’ अकारविल्हे लावल्याने ती नोंद सहावी राहिली नाही. सर्वांच्या आधी आली. खाली ‘वरील सर्व संदर्भ मी स्वतः पडताळले आहेत’ या ओळीपुढे मी सही केली. हाताला माती होती, ती कागदाच्या कोपऱ्यास लागली. मी दुसरा कागद आखून देतो म्हणालो. ती म्हणाली, राहू दे.

“मामाचं पत्र आलंय,” ती पायऱ्या उतरताना म्हणाली. “ये म्हणतोय.”

“मग?”

“अजून उत्तर नाही टाकलं.”

मी पुढे विचारले नाही. विचारावयास हवे होते काय, हे मला समजत नाही. दहा पावले चालल्यावर विचारले, “तुला काय वाटते?” ती म्हणाली, “उन्हाळ्यात सांगते.” उत्तर अपूर्ण आहे, परंतु मी विचारलेल्या प्रश्नाचे आहे.

किसन यांच्यापाशी एक वही असते. चौकी कोणी उघडली याची नोंद ते तीत करतात. त्यांनी पेन्सिल जिभेला लावली. “कोन म्हनून लिवू?”

मी माझे नाव, हुद्दा व कार्यालय सांगण्यास तोंड उघडले होते.

सरोजिनी म्हणाली, “काशीच्या घरची माणसं.”

किसन यांनी सावकाश तसे लिहिले. मी दुरुस्ती केली नाही.

खिडकी लावली. दाराला कुलूप घातले, ओढून पाहिले. दोन्ही किल्ल्या सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी परत दिल्या.